डिप्रेशन गेलं, पण आनंद परतला नाही: बॉर्डरलाइनमध्ये आधी काय तपासायचं आणि मग काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. वय २८, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं (भावना, नाती आणि स्वतःबद्दलची ओळख सतत डळमळीत असण्याचा आजार, पुढे नुसतं ‘बॉर्डरलाइन’) निदान चार वर्षांपूर्वीचं. गेल्या वर्षी मोठं डिप्रेशन आलं. एस्सिटालोप्राम २० मिग्रॅ आणि रात्री क्वेटियापीन १०० मिग्रॅ चालू आहे. झोप, भूक, नोकरी सगळं रुळावर आलं, रडणं थांबलं, डॉक्टरांनी डिप्रेशन बरं झाल्याचं सांगितलं. पण आठ महिने झाले, कशातच गोडी नाही. आवडीचं गाणं नुसता आवाज वाटतो, मित्र आले की कधी जातील असं होतं, जेवण म्हणजे पोट भरणं. दुःख नाही, पण आत काही हलतही नाही. हे उरलेलं डिप्रेशन की बॉर्डरलाइनमधला रितेपणा की गोळ्यांचा परिणाम? आणि हे जातं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: बहुतेकांचं जातं, पण सगळ्यात शेवटी जातं. डिप्रेशन उतरताना झोप आणि भूक आधी सुधारते, मग कामाची ताकद येते, रस आणि आनंद रांगेत शेवटी असतात. आठ महिने मात्र नुसती वाट बघण्याच्या पलीकडचा काळ आहे. इथे एक चूक वारंवार होते. ‘मजा येत नाही’ हे एक वाक्य ऐकून डोस वाढवला जातो किंवा तिसरी गोळी लावली जाते. त्या वाक्यामागे किमान चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि एकीवरचा उपाय दुसरीला बिघडवतो.

पहिली, उरलेलं डिप्रेशन. यात दुःख, अपराधीपणा, चीड या नकोशा भावना थोड्याफार जाग्या असतात, फक्त हव्याशा भावना गायब असतात. सकाळी जास्त जड वाटतं, कुणीही सोबत असलं तरी फरक पडत नाही, आणि मुख्य म्हणजे एखादी गोष्ट हवीशीच वाटत नाही.

दुसरी, औषधाने आलेला बोथटपणा. एसएसआरआय गटातल्या (सेरोटोनिनवर काम करणाऱ्या, एस्सिटालोप्रामसारख्या) गोळ्यांवर हा बऱ्यापैकी आढळतो आणि डोस जास्त असेल तर अधिक. याची खूण म्हणजे दोन्ही बाजू कापल्या जातात. आनंद होत नाही तसं रडूही येत नाही. कुणी अपमान केला तरी आत काही उठत नाही, आणि बॉर्डरलाइनच्या माणसाने हे सांगितलं की कान टवकारायचे, कारण एरवी त्याच ठिकाणी वणवा पेटला असता. लैंगिक इच्छा आणि संवेदना कमी होणं बरेचदा याच्या जोडीने येतं. सुरुवात गोळी चालू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही आठवड्यांत झालेली असते.

तिसरी, बॉर्डरलाइनचा जुना रितेपणा. निदानाच्या नऊ निकषांपैकी तो एक आहे. तो डिप्रेशनच्या आधीपासून, बहुधा शाळा-कॉलेजच्या वयापासून ओळखीचा असतो. लोक छातीत किंवा पोटात पोकळी असल्यासारखं हात लावून दाखवतात. तो एकटेपणी वाढतो, रविवारी दुपारी वाढतो, जवळच्या माणसाचा मेसेज आला की तासाभरासाठी नाहीसा होतो. खऱ्या आनंदहीनतेत मेसेज आला तरी फरक पडत नाही. हा फरक फार उपयोगाचा आहे.

चौथी, बधिर होऊन बंद पडणं. भांडण, नकार, जुनी आठवण यांनंतर काही तास किंवा दोन-तीन दिवस सगळं धुक्यात गेल्यासारखं, स्वतःला लांबून बघितल्यासारखं होतं. हे येतं आणि जातं. स्कीमा थेरपी या मानसोपचार पद्धतीत याला ‘अलिप्त संरक्षक’ म्हणतात: मनाने दुखू नये म्हणून मेन स्विचच बंद केलेला असतो आणि त्यात दिवे-पंखे सगळेच जातात. यावर गोळी वाढवली तर बधिरपणाच वाढायचा.

याशिवाय एक पाचवी अवस्था, जिला मी आजार म्हणणार नाही. ज्या माणसाने दहा वर्षं भांडणं, ब्रेकअप, स्वतःला इजा, समेट या चक्रात काढली, त्याचं ते चक्र थांबलं की साधा शांत मंगळवारही त्याला मेल्यासारखा वाटतो. शांततेची सवय नसते. उपचार नीट चालल्याचंच हे लक्षण असतं, पण पेशंटला ते कुणी आधी सांगितलेलं नसतं. मग तो ‘निदान काहीतरी वाटावं’ म्हणून जुन्या माणसाला रात्री दीडला मेसेज करतो.

एकाच माणसात दोन-तीन गोष्टी एकत्र असतात, हेही खरं. म्हणून अंदाज बांधण्याऐवजी एक कागद घ्या. आडवी रेघ मारून त्यावर गेल्या दोन वर्षांचे महिने मांडा. वर औषधं लिहा: कोणती गोळी कधी सुरू, कोणत्या महिन्यात १० ची २० झाली, काय बंद झालं. खाली दर महिन्याला ‘गोडी’ला ० ते १० मधला एक आकडा द्या. जुने फोटो, मेसेज, बिलं चाळलीत की आठवतं. समजा डिप्रेशन उतरताना जुलैत गोडी ४ पर्यंत आली होती, ऑगस्टमध्ये डोस दुप्पट झाला आणि सप्टेंबरपासून ती १ वर बसली आहे, तर निम्मं उत्तर मिळालं. गोळी सुरू होण्याच्या आधीपासूनच १ असेल तर गोळीला दोष देऊ नका. हा कागद घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे जा. दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये तोंडी सांगण्यापेक्षा तो कितीतरी जास्त बोलतो.

त्याच भेटीत रक्ततपासणी करून घ्या: टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व, साखर. शाकाहारी घरांत बी१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे, आणि पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. रिस्पेरिडोन किंवा अमिसल्प्राइड चालू असेल तर प्रोलॅक्टिन हे संप्रेरकही बघा. अमिसल्प्राइड ५० मिग्रॅसारख्या कमी डोसलाही ते वाढवतं आणि त्याने इच्छा मंदावते. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी. दारू किंवा गांजा चालू असेल तर चार आठवडे पूर्ण बंद ठेवल्याशिवाय कशाचाच निष्कर्ष काढू नका. गांजा सोडल्यावर पहिला आठवडा उलट जास्त चिडचिडीचा जातो, तो धरूनच चार म्हणतोय. दारू रोजची आणि भरपूर असेल तर मात्र एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची.

आता औषधं. बॉर्डरलाइनसाठी म्हणून मंजूर झालेलं एकही औषध आजवर नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचना तर स्पष्ट सांगतात की या आजारासाठी किंवा त्याच्या सुट्या लक्षणांसाठी औषधं वापरू नयेत. सोबतच्या डिप्रेशनसाठी वापरावीत. प्रत्यक्षात आपल्याकडे पेशंटच्या चिठ्ठीवर चार-पाच गोळ्या असतात आणि त्यातली प्रत्येक कधीतरी एखाद्या वाईट रात्री वाढलेली असते. ती रात्र सरते, गोळी राहते. क्लोनाझेपाम ०.५ ही बेचैनी शांत करणारी गोळी याचं नेहमीचं उदाहरण. वर्षानुवर्षं घेतली की ती सुस्ती आणि मंदपणा देते, शिवाय या गटातल्या गोळ्यांनी बॉर्डरलाइनमध्ये काहींचा स्वतःवरचा ताबा उलट सुटतो. पण सवय लागलेली ही गोळी एका दिवसात बंद करायची नसते, तीही हळूहळूच उतरवायची. म्हणून पहिला प्रश्न ‘काय वाढवू?’ असा नसून ‘काय कमी करता येईल?’ असा हवा.

वरच्या उदाहरणात एस्सिटालोप्राम २० हा नेहमीच्या मर्यादेतला सर्वांत वरचा डोस आहे. डिप्रेशन बरं झाल्यावर तोच डोस साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवायचा असतो. आठ महिने झालेत, म्हणजे बोलायची वेळ झाली आहे. डिप्रेशन याआधी दोन-तीनदा येऊन गेलं असेल तर हिशेब बदलतो, गोळी जास्त काळ लागते. कमी करायचं ठरलं तर २० वरून १५, चार आठवड्यांनी पुन्हा बघून १०, अशा बेताने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, मळमळ, चिडचिड हे डोस घटल्यावर काही दिवसांत आलं तर ते गोळी सुटण्याचं लक्षण. डिप्रेशन परत येत असेल तर ते आठवड्यांच्या गतीने येतं आणि त्यात करंट बसत नाहीत. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन सोडताना हा त्रास जास्त होतो, फ्लुओक्सेटिनला सर्वांत कमी.

आणखी एक गोष्ट, जी आधी सांगितली नाही तर घात होतो: भावना परत येतात तेव्हा निवडक येत नाहीत. डोस उतरला की गाण्याने अंगावर काटा येईल, आणि त्याच आठवड्यात बॉसच्या एका वाक्याने डोळे भरून येतील. याला आजार उलटला असं समजून डोस पुन्हा चढवला की माणूस परत काचेमागे जातो. म्हणून भावना सांभाळण्याची कौशल्यं आधी हाताशी हवीत, डोस नंतर कमी करायचा. परीक्षा, लग्न, घर बदलणं, ब्रेकअपचा महिना अशा काळात हे काम सुरू करू नका.

औषध बदलायची वेळ आली तर बोलण्यासारखे पर्याय थोडे आहेत. बुप्रोपिऑन डोपामीन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या मेंदूतल्या रसायनांवर काम करतं, बोथटपणा आणि लैंगिक त्रास कमी करतं. सकाळी घ्यायचं, साधारण १५० मिग्रॅपासून. पण फिट येण्याचा इतिहास असेल, किंवा बुलिमिया-अ‍ॅनोरेक्सिया कधीही झालेला असेल तर ते चालत नाही. बॉर्डरलाइनमध्ये खाऊन ओकारी काढण्याची सवय बऱ्याच जणांना असते आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. हे लपवू नका. व्हॉर्टिऑक्सेटिन आणि अ‍ॅगोमेलाटिन हे आणखी दोन. दुसऱ्यासाठी यकृताची तपासणी सुरू करण्याआधी आणि मग ठरावीक आठवड्यांनी करावीच लागते. प्रामिपेक्सोलचं नाव इंटरनेटवर वाचून पेशंट येतात. ते डोपामीनचं काम थेट करतं, पण जुगार, खरेदी, सेक्स यांवरचा ताबा सुटणं हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, आणि जिथे आवेग हाच मूळ आजाराचा भाग आहे तिथे मी त्याच्यापासून लांबच राहायला सांगतो. यातलं काहीही सुरू करण्याआधी बायपोलरची शक्यता तपासली गेली पाहिजे. मूड तासातासाला, माणसांवरून बदलत असेल तर ते बॉर्डरलाइनकडे झुकतं; सलग चार किंवा जास्त दिवस झोप कमी होऊनही थकवा नाही, बोलणं-खर्च वाढलेला, असं झालं असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

गोळ्यांचं एवढं झालं, पण या प्रश्नाचा मोठा भाग गोळीबाहेर सुटतो. बॉर्डरलाइन आणि डिप्रेशन दोन्ही असलेल्या लोकांचा अमेरिकेत काही वर्षं पाठपुरावा केला गेला, तेव्हा जॉन गंडरसन यांच्या गटाला २००४ मध्ये असं दिसलं की बॉर्डरलाइन सुधारलं की मागोमाग डिप्रेशन सुधारतं. उलट दिशेने तसं घडत नाही.

सुरुवात नोंदीने करायची. पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. दिवसातून पाच-सहा वेळा, त्या त्या वेळी, फोनमध्ये एक ओळ: काय केलं, कुणासोबत, गोडी किती, ‘जमलं’ची भावना किती, दोन्ही ० ते १० मध्ये. रात्री एकदम बसून भरू नका. थकलेलं मन पूर्ण दिवसाला एकच राखाडी रंग फासतं आणि सगळीकडे ० लिहितं. आठवड्याने बघाल तर ० आणि ० यांच्यामध्ये कुठेतरी २ सापडतो. आंघोळीचं गरम पाणी, लोकलमध्ये खिडकीची जागा, पोळी भाजताना हात चालणं. त्या २ पासून काम सुरू होतं, जुन्या आवडीपासून नव्हे. पूर्वी ९ देणारी गोष्ट आज ३ देते तेव्हा तुलना होऊन ती ० वाटते, म्हणून लाडका छंद पहिल्या महिन्यात बाजूलाच ठेवा.

दुसऱ्या आठवड्यात तीन छोट्या गोष्टी ठरवा: एक शरीराची, एक काहीतरी पुरं होण्याची, एक माणसांतली. प्रत्येकी १० ते १५ मिनिटं, वेळ ठरलेली. करण्याआधी अंदाजाचा आकडा लिहा, केल्यावर खरा. नोंद अशी दिसते:

‘बुध. स. ७:४०. गच्चीत चकरा, १० मि. अंदाज ०, प्रत्यक्ष २. जमलं ४.’
‘गुरु. सं. ८. कपाटाचा एक कप्पा. अंदाज १, प्रत्यक्ष १. जमलं ५.’
‘शनि. दु. ४. मावशीकडे चहा. अंदाज ०, प्रत्यक्ष ३, निघताना १.’

अंदाज आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर हे खरं औषध आहे. आनंदहीनतेत बरेचदा ‘आवडणं’ शाबूत असतं, ‘हवंसं वाटणं’ मेलेलं असतं. मेंदूत या दोन गोष्टींच्या वाटा बऱ्याच वेगळ्या आहेत आणि डोपामीनचा संबंध मुख्यतः दुसरीशी. इच्छा झाल्यावर करीन म्हटलं तर मुहूर्त कधीच निघत नाही. घड्याळ बघून करायचं, इच्छा नंतर येते.

हे कुठे फसतं? बॉर्डरलाइनमध्ये ठरावीक तीन ठिकाणी. एक, ‘उद्यापासून रोज दोन तास जिम’. चौथ्या दिवशी चुकतं, मग ‘मी असाच आहे’ म्हणून सगळंच टाकून दिलं जातं. प्रत्येक गोष्टीचा वाईट दिवसाचा अवतार आधीच लिहून ठेवा: १० मिनिटं चालणं नाही जमलं तर चप्पल घालून खाली जाऊन वर येणं. ते केलं तर झालं असं धरायचं. दोन, सगळा आनंद एकाच माणसाला टांगलेला असणं. तो माणूस आला नाही की कार्यक्रम रद्द, आठवडा रद्द. तीनपैकी किमान दोन गोष्टी त्याच्याशिवाय होणाऱ्या हव्यात. तीन, तीव्रतेचा शोध. ‘२ ने काय होतंय’ म्हणून वेग, दारू, उसनवारीची खरेदी, अनोळखी डेट, ठरवून काढलेलं भांडण. त्याने ८ मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या दिवशी शरम आणि उणे येतं, आणि २ आणखी फिका दिसतो.

तिसऱ्या आठवड्यापासून आनंद थांबवून धरण्याचा सराव. गोष्ट चालू असताना ३० सेकंद फक्त तिच्याकडे लक्ष: चव, वास, स्पर्श. रात्री एक प्रसंग वर्तमानकाळात मोठ्याने सांगायचा, ‘मी कप हातात घेते, आल्याचा वास येतोय…’ असा. मिशेल क्रास्के यांच्या गटाने हव्याशा भावनांवरच बेतलेली १५ सत्रांची उपचारपद्धती २०१९ मध्ये तपासली, तिच्यात असे सराव आहेत.

इथे बऱ्याच जणांना अडचण येते, आणि ती कंटाळ्याची नसते. आनंद सुरू झाला की भीती वाटते. ‘जास्त हसू नकोस, नंतर रडशील’ हे आपल्यापैकी अनेकांनी घरात ऐकलेलं आहे, कुणाला दृष्ट लागायची धास्ती. ज्याच्या लहानपणी चांगल्या संध्याकाळीच घरात स्फोट व्हायचा, त्याचं शरीर आनंदालाच धोक्याची घंटा समजतं आणि २ चा ३ व्हायच्या आत झाकण लावतं. शिवाय ‘मी बरी दिसले तर लोक काळजी घेणं सोडतील’ ही भीती असते, आणि ती अगदीच खोटी नसते. वहीत वेगळा रकाना करा: आकडा चढल्यावर पुढच्या मिनिटात मनात काय आलं? ‘हे टिकणार नाही’, ‘माझी लायकी नाही’. तेच वाक्य रोज निघतं. त्याच्याशी वाद घालू नका. ते आलं असं नोंदवून त्या गोष्टीत आणखी एक मिनिट थांबा. थेरपिस्टसोबत करायचं मुख्य काम हेच.

थेरपीबद्दल: डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी उपचारपद्धती) पूर्ण स्वरूपात म्हणजे आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, एक कौशल्यांचा गट, मधल्या अडचणीला फोन, साधारण वर्षभर. एवढं सगळं महाराष्ट्रात मोजक्या ठिकाणी मिळतं आणि खर्चाचं असतं. न मिळाल्यास हात टेकायचं कारण नाही. कॅनडात १८० पेशंटवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत डीबीटी आणि नीट आखलेली साधी मनोविकार उपचारपद्धती यांचे निकाल वर्षाअखेरीस जवळपास सारखे आले. थेरपिस्टला विचारा: बॉर्डरलाइनवर आधी काम केलंय का, रात्री संकट आलं तर योजना काय, प्रगती कशी मोजायची. आणि नोकरी, कोर्स, रोज कुठेतरी हजेरी असं काही आयुष्यात नसेल तर ते नव्या नात्याच्या आधी उभं करा. रितेपणावर याच्याइतका उपयोगी उपाय मला माहीत नाही, आणि तो हळू चालतो. मेरी झनारिनी यांच्या अभ्यासात बॉर्डरलाइनच्या २९० पेशंटपैकी सुमारे ९३% जणांची लक्षणं दहा वर्षांच्या काळात ओसरली आणि किमान दोन वर्षं ओसरलेलीच राहिली. पण स्वतःला इजा करणं वगैरे लवकर गेलं, रितेपणासारख्या गोष्टी मागे रेंगाळल्या.

घरच्यांनी ‘आता बरा आहेस ना, मग चेहरा असा का?’ हे विचारणं थांबवावं. ‘मी भाजी आणायला चाललोय, येतोस का?’ एवढं पुरे. नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच सहजपणे विचारावं. आला तर फार कौतुक करू नये, कौतुकाने पुढच्या वेळेचं ओझं वाढतं.

धोक्याबद्दल स्पष्ट सांगतो. दुःख नाही, राग नाही, फक्त ‘जगून काय होणार’ हा थंड विचार येतोय, तर तो रडण्यापेक्षा जास्त गंभीर समजा, विशेषतः अंगात ताकद परत आलेली असताना. काहीतरी जाणवावं म्हणून स्वतःला इजा करावीशी वाटणं हेही त्याच खात्यात. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, घरात गोळ्या एका आठवड्याच्याच ठेवा आणि त्या दुसऱ्याच्या ताब्यात द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. डोस बदलल्यानंतरचे पहिले काही आठवडे लक्ष ठेवता यावं म्हणून घरातल्या एकाला हे आधीच सांगून ठेवा.

मोजमाप आठ ते बारा आठवड्यांनी करा, त्याआधी नको. एकाच वेळी गोळी, थेरपी आणि दिनक्रम तिन्ही बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. सरासरी १ वरून २.५ झाली असेल तर मार्ग बरोबर आहे, तोच चालू ठेवा. पहिला बदल बहुतेकदा आनंदाच्या रूपात येत नाही: कुणाचं बोलणं ऐकताना ‘मग पुढे काय झालं?’ असं तोंडातून निघतं, जेवणात मीठ कमी असल्याची तक्रार होते, एखादा कार्यक्रम चुकल्याची हळहळ वाटते. हेही वहीत लिहा. बारा आठवडे नोंदी प्रामाणिकपणे झाल्या, रक्त ठीक निघालं, डोसचा प्रश्न हाताळून झाला आणि तरीही आकडा हलला नाही, तर त्या वहीसह दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञांचं मत घ्या आणि निदानापासून पुन्हा तपासायला सांगा: आघातानंतरचा ताण, बायपोलर, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आजार), झोपेचा आजार, यांतलं काही नजरेतून सुटलंय का.